घाटमाथ्यावर नव्याने राहायला आलात? मृगाआधी जळण कसं भरून ठेवायचं

बदली होऊन सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याला आलेले शिक्षक, कोयनेकडच्या उपकेंद्रात रुजू झालेल्या परिचारिका, पुण्या-मुंबईची नोकरी संपवून जावळी-पाटणमधलं वडिलोपार्जित घर पुन्हा उघडणारी कुटुंबं, या सगळ्यांकडून दर थंडीत एकच प्रश्न येतो: लाकूड पेटत नाही, नुसता धूर होतो, काय करू? डिसेंबरात याला इलाज नसतो. इलाज मार्च-एप्रिलमध्ये असतो. थंडीचं जळण उन्हाळ्यात वाळवायचं आणि मृग निघायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, छपराखाली न्यायचं. ही एक गोष्ट वेळेवर झाली तर बाकीचं सगळं सोपं आहे.

आमचं घर मेढा-बामणोली रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. पाणी तापवायचा बंब, चूल आणि माजघरातली धुराड्याची शेगडी ही तिन्ही लाकडावर चालतात. सिलिंडर आहे, पण पावसाळ्यात रस्ता बंद झाला की त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि पौष-माघातल्या थंडीत खोली ऊब धरते ती लाकडावरच. खाली लिहिलंय ते या घरात आणि वाडीतल्या जुन्या माणसांकडून शिकलेलं आहे.

१. आधी गरज मोजा

अंदाजाने "एक ट्रॉली टाका" असं सांगू नका. एक दिवस निवडा, दिवसभर लागणारं जळण सकाळी वजनकाट्यावर ठेवा आणि रात्री किती उरलं ते बघा. समजा बंब आणि शेगडी मिळून ६ किलो लागलं, तर थंडीच्या चार महिन्यांना ७२० किलो झाले. पावसाळ्याचं वेगळं धरा. घाटात आषाढ-श्रावणात कपडे वाळवायलाही विस्तव लागतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. आलेल्या आकड्यावर चौथा हिस्सा वाढवा, कारण पाहुणे आणि आजारपण सांगून येत नाहीत.

जागा किती लागेल? वाळूची ब्रास सगळ्यांना माहीत असते, तेच माप इथे वापरा. १० फूट लांब, ५ फूट उंच, २ फूट रुंद थप्पी म्हणजे १०० घनफूट, एक ब्रास. रचलेल्या थप्पीत साधारण एक तृतीयांश पोकळी असते. ती वजा केली तर बाभळीसारख्या कठीण, वाळलेल्या लाकडाची एक ब्रास सव्वा टनाच्या आसपास भरते. हलक्या लाकडाची तेवढीच थप्पी वजनात बरीच कमी भरेल.

२. कुठून आणायचं आणि कुठून अजिबात नाही

यात चूक झाली तर गुन्हा दाखल होतो, म्हणून हा भाग नीट वाचा. घाटमाथ्यावर दिसणारं प्रत्येक झाड कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात आहे.

स्वतःच्या सातबाऱ्यावरची जमीन असेल तरी सगळी झाडं मनाला येईल तशी तोडता येत नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत हिरडा, साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. ही तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. आपल्या डोंगरात ऐन, किंजळ, जांभूळ हीच झाडं जास्त, त्यामुळे "माझ्याच शेतातलं आहे की" हे म्हणणं चालत नाही. बांधावरचं झाड असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. सामाईक गटात भाऊबंदांची संमती लेखी घ्या. निम्मे वाद लाकडावरून सुरू होऊन मोजणीपर्यंत जातात.

नगरपरिषदेच्या हद्दीत, उदाहरणार्थ सातारा, पाचगणी, महाबळेश्वर इथे, शहरी भागातील झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा लागू होतो आणि परवानगी नगरपरिषदेकडून लागते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे वृक्षतोडीवर आणखी बंधनं आहेत.

राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही आणू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या हद्दीतून वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही. हद्दीचे दगड आणि फलक सगळीकडे दिसत नाहीत, म्हणून तुमच्या बीटचे, म्हणजे वनखात्याच्या तुमच्याकडच्या हद्दीचे, वनरक्षक कोण आहेत ते पहिल्याच महिन्यात विचारून घ्या आणि त्यांना जाऊन भेटा. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर पडलेलं, वाळलेलं सरपण किती आणि कुठून घ्यायचं हे तिच्याकडून कळतं. गायरानातलं असेल तर ग्रामपंचायतीला विचारा.

देवराईतलं काही घ्यायचं नाही. पडलेलं खोडही तिथेच कुजू द्यायची रीत आहे. ही रीत वाडीतलं लहान मूलही पाळतं, तुम्हीही पाळा.

जंगलाच्या कडेला वाळकं वेचायला जाताना एकट्याने जाऊ नका आणि सकाळी फार लवकर किंवा तिन्हीसांजेला जाऊ नका. गवा, अस्वल, बिबट्या तिन्ही या पट्ट्यात आहेत. बोलत, आवाज करत चाला.

३. हाताशी ठेवायची कागदपत्रं

मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायचं असेल तर:

- ताजा सातबारा आणि आठ-अ उतारा
- गटाचा नकाशा, त्यावर झाड कुठे आहे याची खूण
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र
- आधार कार्डाची प्रत
- अर्ज: झाडाची जात, संख्या, घेर आणि तोडण्याचं कारण लिहून

अर्ज वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी दाखवा, नेमका कुणाच्या नावे करायचा ते तिथे सांगतात. पाहणी होते, पंचनामा होतो, मग परवानगी मिळते. याला वेळ लागतो, म्हणून दिवाळी झाली की अर्ज द्या. लाकूड गाडीतून न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं वेगळं विचारा. काही जातींना त्यातून सूट आहे, पण ड्रायव्हरच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. सध्याची यादी कार्यालयात मागा. विकत आणत असाल तर वखारीची पावती गाडी रिकामी होईपर्यंत जवळ ठेवा.

४. कोणतं लाकूड चांगलं

बाभूळ पहिली. जड, ज्वाला शांत, निखारा कितीतरी वेळ टिकणारा. ती घाटात फारशी होत नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या पट्ट्यातली असते. तिकडची वेडी बाभूळही जळायला उत्तम, फक्त काट्यांपासून हात सांभाळा. बोर आणि हिवर यांचंही जळण चांगलं.

निलगिरी सगळीकडे मिळते आणि स्वस्त पडते, पण ती ओली असतानाच फोडावी लागते. वाळली की तिचा पीळ इतका घट्ट होतो की कुऱ्हाड उसळून परत येते. सुबाभूळ आणि गिरीपुष्प लवकर वाळतात, लवकर जळतात. बंब पेटवायला बरे, रात्रभर ऊब धरायला नाहीत. आंब्याची छाटणी धूर करते, तरी पूर्ण वाळली तर चालते. शेवगा, पांगारा, सावर यांच्यामागे लागू नका, पोकळ आणि हलकी लाकडं आहेत, ऊब देत नाहीत. बांबू पेटवणाला चालतो, पण पेरं फोडून घ्या; बंद पेर आत तापलं की फुटून ठिणग्या उडतात.

सांगलीकडे, तासगाव-मिरजेच्या बाजूला राहणाऱ्यांना द्राक्षबागेच्या काड्या मिळतात. एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधावर ढीगच्या ढीग पडतात आणि समोर कडक ऊन असतं, म्हणजे वाळवायची वेळही बरोबर साधते. पण त्या काड्यांवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि इतर फवारण्या झालेल्या असतात. अंगणातल्या बंबाला घाला, भाकरीच्या चुलीत आणि बंद खोलीत नको. तुरीच्या काड्या आणि मक्याची बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं) पेटवणाला छान. उसाचं पाचट मात्र शेतातच राहू द्या, जमिनीला त्याची जास्त गरज आहे.

कधीही जाळू नये असं: कण्हेर, कारण तिचा धूरही विषारी असतो. बिब्बा, कारण नुसता चीक लागला तरी अंगावर उततो आणि धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. शेराचं झुडूप आणि निवडुंग. रंग दिलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूड आणि सनमायका लावलेल्या फळ्या, औषध पाजलेले खांब. नवं बांधकाम सुरू असलं की असे तुकडे फुकट मिळतात आणि लोक आनंदाने आणतात. त्यांचा धूर घरात नको.

पोकळ खोड दिसलं तर हात घालायच्या आधी कान लावून ऐका. सातेरी मधमाशा अशा ढोलीत राहतात. महाबळेश्वरच्या डोंगरातल्या मांघर गावाला २०२२ साली मधाचं गाव म्हणून मान मिळाला तो याच माशांच्या जिवावर. ढोलीत पोळं असेल तर ते खोड सोडून द्या.

५. विकत घेताना फसू नका

लाकूड वजनावर विकलं जातं आणि फसवणूक तिथेच होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण ४० ते ५० टक्के पाणी असतं. ओला टन घेतला तर जवळजवळ निम्मे पैसे पाण्याचे गेले. म्हणून वखारीत भाव विचारायच्या आधी ओंडक्याचं टोक बघा. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, साल सुटत असते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओलं लाकूड ठप्प वाजतं.

वरचे चार तुकडे वाळलेले आणि खाली सगळं ओलं, असाही प्रकार असतो. ट्रॉली भरताना स्वतः उभे राहा. वजन करताना ट्रॉली रिकामी असतानाचं आणि भरल्यावरचं, दोन्ही चिठ्ठ्या मागा. ओलंच घ्यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, भाव तसा पाडून घ्या आणि स्वतः वाळवा. जून ते सप्टेंबर कुणीही कितीही गोड बोललं तरी घेऊ नका. त्या दिवसांत वाळकं म्हणून येणारं लाकूड बहुतेक वेळा भिजलेलंच असतं.

६. तोडणं आणि फोडणं

लागणारी हत्यारं: कुऱ्हाड, कोयता, करवत, दोन लोखंडी पाचरी, घण, जाड बूट आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा हवाच. पाचर आणि घण यांची कड उडाली तर थेट डोळ्यात जाते.

मार्गशीर्ष-पौषात तोडलेलं लाकूड लवकर वाळतं. आणल्या आठवड्यातच फोडून टाका. ओंडक्याला साल हे चिलखतासारखं असतं, आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही. फोडलेल्या ढलपीचं पाणी चारी बाजूंनी निघतं. चुलीला दीड फूट लांब, मनगटाएवढी जाड लाकडं ठेवा. बंबाला वीतभर, नळीत सहज उतरतील असे तुकडे. धुराड्याच्या शेगडीला थोडे जाड चालतात. तिन्हींचे ढीग पहिल्यापासून वेगळे करा, नाहीतर भर पावसात पडवीत बसून पुन्हा फोडावं लागतं.

फोडणं जमत नसेल तर माणूस लावा. मजुरी ठरवताना लाकडाची जात सांगा. बाभळीच्या गाठीचा ओंडका आणि सुबाभळीचा ओंडका यांचे कष्ट सारखे नसतात.

७. वाळवण

सगळ्या मेहनतीचं फळ इथे मिळतं, म्हणून थोडा हिशेब सांगतो. निम्मं पाणी असलेलं १० किलो लाकूड घ्या. त्यातल्या ५ किलो पाण्याची वाफ करायला साधारण ३,००० किलोकॅलरी लागतात आणि उरलेल्या ५ किलो लाकडात २२,००० च्या आसपास असतात. म्हणजे सातवा हिस्सा सरळ वाफेत गेला. खरं नुकसान त्याहून मोठं आहे. पाण्यामुळे विस्तव हवा तितका तापत नाही, लाकडातून निघणारा वायू पेट न घेता धूर होऊन निघून जातो, तोच धूर डोळ्यांत, छातीत आणि धुराड्यात काजळी होऊन बसतो. जळणातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली आणायचा आहे. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते वापरलं तर तुकडा मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा, बाहेरून टोचलं तर खोटा आकडा दिसतो. यंत्र नसेल तर एका ढलपीवर खडूने खूण करून दर आठवड्याला तिचं वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हणून दहिवडीच्या पाहुण्याने सांगितलेली रीत मेढ्याला लागू पडत नाही. तिकडे फोडलेलं लाकूड काही आठवड्यांत कडकडीत होतं; इकडे शिवरात्रीपासून मेअखेरपर्यंतचा पूर्ण उन्हाळा द्या.

जमिनीवर दगड मांडून त्यावर दोन आडवी लाकडं टाका, म्हणजे थप्पी अर्धा फूट वर राहील आणि वाळवी चढणार नाही. त्यावर एकपदरी थप्पी रचा. लाकडांची कापलेली टोकं वाऱ्याच्या दिशेला. भिंतीला टेकवू नका, हातभर अंतर सोडा. वळवाचा पाऊस आला तर फक्त माथा झाका. पूर्ण थप्पीला प्लास्टिक गुंडाळणं हे नव्या माणसांचं नेहमीचं काम, आणि त्याने आतली वाफ आतच राहून बुरशी धरते.

८. पावसाळ्यात ठेवायची जागा

रोहिणी लागली, म्हणजे २५ मेच्या सुमारास, की हलवायला घ्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते. उन्हाळ्यात वाळवायला पश्चिमेचं अंगण चांगलं, पण पावसाळ्यात जळण घराच्या पूर्वेच्या पडवीतच ठेवा. पश्चिमेला पत्र्याची शेड घातली तरी झड आडवी आत येते. वळचणीखाली ठेवत असाल तर पागोळ्यांचं पाणी उडून खालची रांग भिजते, तिथेही दगडाची उंची द्या.

छपराखालचं लाकूडसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा ओढून घेतं. धुकं घरात शिरतं तिथे हे होणारच. यावर वाडीतला उपाय सोपा आहे: चुलीच्या वर बांबूचा माच बांधतात आणि त्यावर आठवड्याचं जळण ठेवतात. रोज तिथून काढायचं आणि पडवीतलं तिथे चढवायचं. माच ज्वाळेपासून चांगला उंच हवा, आणि त्यावर पाचट किंवा गवत ठेवू नका. शेणींचा हुडवा, म्हणजे रचलेला ढीग, वेगळा, सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात. दसऱ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन पडलं की थप्पी दोन-तीन आठवडे उघडी करा, पावसाळ्यात शिरलेला ओलावा निघून जातो.

९. थप्पीतले साप-विंचू

लाकडात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. घोणस, मण्यार, नाग, फुरसं ही चारही विषारी जनावरं सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. थप्पी झोपायच्या खोलीच्या भिंतीपासून लांब ठेवा. अंधारात नुसता हात घालू नका, बॅटरी आणि काठी घ्या, आधी थप्पी हलवा, लाकूड वरूनच काढा. मुलांना थप्पीवर चढू देऊ नका.

दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला शांत ठेवा, हात-पाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिसर्पविष तिथे मिळतं. जवळचं रुग्णालय कोणतं आणि पावसाळ्यात तिथला रस्ता चालू असतो का, हे आजच विचारून ठेवा.

१०. घरात जाळताना

पेटवायला ढलप्या, वाळक्या काटक्या, कारवीच्या काड्या आणि शेणीचा तुकडा पुरतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. आधी बारीक, मग मनगटाएवढं, मग जाड. लाकडांमध्ये हवा खेळू द्या.

घमेल्यात निखारे घेऊन दारं-खिडक्या लावून झोपणं हा थंडीतला सगळ्यात मोठा धोका आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. धुराडं नसलेल्या खोलीत शेकायचं असेल तर जागेपणी, खिडकी उघडी ठेवून शेका आणि झोपायच्या आधी निखारे अंगणात न्या. म्हातारी माणसं आणि बाळंतिणीच्या खोलीसाठी लोक हट्ट धरतात, तिथेही हेच सांगा.

जुन्या बंगल्यात भिंतीतलं धुराडं असेल तर पेटवायच्या आधी वर बघा. पक्ष्यांची घरटी आणि मोहोळ दोन्ही असू शकतात. दिवाळीच्या सुमारास काजळी खरवडून घ्या; साठलेली काजळी पेटली तर छपराचे वासे धरतात.

११. राख

राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, म्हणून राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा उकिरड्यावर लगेच टाकू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच रिकामा करा. स्वच्छ लाकडाची राख चाळून भाजीच्या वाफ्यात थोडी थोडी घाला, तिच्यात पालाश असतं. बियाण्याच्या कडधान्यात मिसळली तर कीड लांब राहते. द्राक्षकाड्यांची राख मात्र वेगळी ठेवा, फवारणीतलं तांबं त्यात उरतं. ती भाजीच्या वाफ्यात आणि बियाण्यात घालू नका.